ऑटोकॅड नवं आलं, टूलबार गेले: आधी आपलं कुठलं आणि कंपनीचं कुठलं ते वेगळं करा

नमस्कार. कोल्हापुरातल्याच एका आर्किटेक्टच्या ऑफिसातून ऑटोकॅडबद्दल, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरबद्दल, हा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "आमच्याकडे पाच सीट आहेत. इतकी वर्षं ऑटोकॅड 2014 वर काम चाललं होतं. आता नवीन पीसी घेतले आणि 2025 टाकलं. जुने टूलबार आणि मेन्यू कुठेच दिसेनात, म्हणून जुन्या पीसीवरची अकॅड नावाची सीयूआयएक्स (मेन्यू-टूलबारची) फाइल उचलून नव्या फोल्डरात टाकली. आता टूलबार आले, पण अर्ध्या बटणांवर ढगातलं प्रश्नचिन्ह दिसतंय, रिबनचे काही टॅब गायब आहेत आणि काही बटणं दाबली की 'अननोन कमांड' येतं. साहेब म्हणतात सोमवारपर्यंत स्क्रीन पहिल्यासारखी पाहिजे. काय करू?"

पहिलं म्हणजे घाबरू नका, काहीही हरवलेलं नाही. तुम्ही जे केलंत तेच मी 2010 साली केलं होतं. राजारामपुरीतल्या एका ऑफिसात तेव्हा मी ड्राफ्ट्समन होतो. 2006 वरून एकदम 2010 वर उडी मारली आणि जुनी मेन्यूची फाइल नव्यावर चढवली. दोन दिवस निस्तरत बसलो आणि तिसऱ्या दिवशी सगळं काढून पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हापासून दर वेळी नवी आवृत्ती आली की ज्या पद्धतीने काम करतो तेच इथे सांगतो. आता मी चार-पाच ऑफिसांचं कॅडचं बघतो, आणि हा प्रश्न दरवर्षी कुठल्या तरी ऑफिसातून येतोच.

एक सूचना आधीच. मी कमांडची नावं देवनागरीत लिहितोय, तुम्ही टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

तुमचा प्रश्न "टूलबार परत कसे आणू" असा आहे, पण खरी अडचण तिथे नाही. टूलबार आणणं पाच मिनिटांचं काम आहे. अडचण ही की तुमच्या जुन्या फाइलीत कंपनीचं आणि तुमचं असं सगळं एकत्र कालवलं गेलंय. घर बदलताना आपण आपली भांडीकुंडी नेतो, घरमालकाने भिंतीत बसवलेली मांडणी उचकटून नेत नाही. तुम्ही मांडणीसकट सगळं ट्रकमध्ये भरलंत आणि नव्या घराच्या भिंतीवर ठोकायला गेलात. ती बसणार कशी?

पडद्यावर जे दिसतं त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. एक, ऑटोकॅडने स्वतः दिलेले मेन्यू, रिबन (वरची टॅब असलेली बटणांची रुंद पट्टी) आणि टूलबार. दोन, तुम्ही केलेली बटणं आणि त्यांच्या मागचे मॅक्रो, म्हणजे एका दाबात ओळीने चालणाऱ्या कमांड. तीन, कुठली पट्टी कुठे चिकटलेली आहे ही मांडणी, म्हणजे वर्कस्पेस. पहिली गोष्ट प्रत्येक आवृत्तीत बदलते आणि बदलायलाच पाहिजे. 2014 च्या फाइलीला 2025 मधल्या नव्या टॅबची खबरच नसणार, म्हणून तुमची रिबन अर्धी दिसतेय. तिसरी गोष्ट नव्याने लावायला पंधरा मिनिटं लागतात. खरी जपायची ती फक्त दुसरी.

थोडा इतिहास सांगतो, कारण जुन्या ऑफिसांत या सगळ्या पिढ्यांच्या फाइली एकाच फोल्डरात सापडतात. 2005 पर्यंत मेन्यूची फाइल साध्या मजकुराची होती, एमएनयू किंवा एमएनएस. नोटपॅडमध्ये उघडायची आणि थेट लिहायचं. 2006 पासून तिच्या जागी सीयूआय आली, आणि 2010 पासून सीयूआयएक्स. ही सीयूआयएक्स म्हणजे खरं तर एक झिपच आहे. विश्वास बसत नसेल तर तिची एक कॉपी करा, शेवटचं एक्स्टेंशन बदलून झिप करा आणि उघडा. आत फाइली आणि तुमच्या बटणांचे आयकॉन मांडून ठेवलेले दिसतील. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. रिबन 2009 मध्ये आली, आणि "क्लासिक" नावाचं तयार वर्कस्पेस 2015 मध्ये काढून टाकलं गेलं. तुम्ही 2014 वरून आलात, म्हणजे ते ज्या शेवटच्या आवृत्तीत होतं तिथून थेट इथे. म्हणून धक्का जास्त बसला. तुमच्याकडून काही पुसलं गेलेलं नाही, कंपनीनेच ते काढलंय. टूलबार मात्र काढलेले नाहीत. ते आत सगळे आहेत, फक्त झाकलेले.

आता कशावर काय अवलंबून आहे तेही सांगतो, कारण तुम्ही ते लिहिलेलं नाही.

तुमचं ऑटोकॅड पूर्ण आहे की एलटी, म्हणजे कमी सोयींचं? लिस्प, म्हणजे ऑटोकॅडमध्ये छोटे प्रोग्राम लिहायची भाषा, एलटीमध्ये चालायला लागली ती 2024 पासून. तुमचं जुनं 2014 एलटी असेल तर तुमच्या जुन्या बटणांमागे लिस्प नसणारच, फक्त मॅक्रो असतील, आणि काम निम्म्याने सोपं होईल. दुसरं, तुम्ही साधं ऑटोकॅड वापरता की आर्किटेक्चर टूलसेट, म्हणजे इमारतींच्या कामाची जास्तीची साधनं असलेलं? 2019 पासून तो सबस्क्रिप्शनबरोबरच मिळतो, पण त्याची मुख्य मेन्यू फाइल वेगळी असते. शिवाय त्यातल्या भिंती, दारं, खिडक्यांच्या स्टाइल ड्रॉइंगमध्ये राहतात, मेन्यूत नाही. त्या हलवायच्या तर रस्ता वेगळा. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, मंजुरीच्या ड्रॉइंगसाठी जे प्लगइन (बाहेरचं जोड-सॉफ्टवेअर) वापरता ते 2025 वर चालतं का? 2025 मध्ये ऑटोकॅडने खालचा पाया बदलून डॉटनेट 8 (मायक्रोसॉफ्टचा, प्रोग्राम ज्यावर चालतात तो) केला. त्यामुळे 2024 पर्यंतच्या डॉटनेटच्या प्लगइनला नवी प्रत लागते. त्याचा मेन्यू दिसत नसेल तर ते मेन्यूचं दुखणं नव्हे, प्लगइनच लोड झालेलं नसतं. ते देणाऱ्याला आधी फोन लावा. उत्तर "अजून नाही" असं आलं तर मंजुरीच्या कामासाठी एका पीसीवर मागची आवृत्ती शेजारी टाका. सबस्क्रिप्शनवर मागच्या आवृत्त्या घेता येतात, आणि दोन आवृत्त्या एकाच पीसीवर गुण्यागोविंदाने नांदतात.

आता कामाला लागू. आधी बिघडवलेलं दुरुस्त करा. नव्या पीसीवर 'सीयूआय' टाइप करून एडिटर उघडा. डावीकडे सगळ्यात वर मुख्य फाइलीचं नाव दिसेल, त्यावर राइट क्लिक केलं की 'रीसेट' असा पर्याय मिळतो. त्याने ती फाइल कारखान्यातून आली तशी होते. एवढ्याने भागलं नाही तर विंडोजच्या स्टार्ट मेन्यूत ऑटोकॅडच्या फोल्डरात 'रीसेट सेटिंग्ज टू डिफॉल्ट' आहे. ते चालवताना आधी बॅकअप घेऊ का असं विचारतं, हो म्हणा. पाचही पीसीवर हे करा. साहेबांनी येऊन बघितलं तर स्क्रीन अगदी परकी दिसेल, त्यांना आधीच सांगून ठेवा.

मग जुन्या पीसीवरून माल गोळा करा. ऑप्शन्समध्ये फाइल्सच्या टॅबवर 'कस्टमायझेशन फाइल्स' म्हणून शाखा आहे, तिथे मुख्य सीयूआयएक्स कुठल्या फोल्डरात आहे ते लिहिलेलं असतं. तो फोल्डर तसाच्या तसा पेनड्राइव्हवर घ्या. त्याच टॅबवर 'सपोर्ट फाइल सर्च पाथ' बघा, कारण बऱ्याच ऑफिसांत कुणीतरी पूर्वी डी ड्राइव्हवर एक "लिस्प" नावाचा फोल्डर केलेला असतो आणि तो माणूस नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो. तेही घ्या. प्लॉट स्टाइल, प्लॉटरच्या पीसी3 फाइली, हॅच पॅटर्न (आकारात भरायच्या रेघांचे नमुने), लाइनटाइप, टेम्प्लेट, शेप फाँट, सगळं घ्या. हे मेन्यूचं सामान नाही, पण आत्ता राहिलं तर प्लॉट काढायच्या वेळी शोधत बसाल.

आता मुख्य काम. नव्या ऑटोकॅडमध्ये 'सीयूआय' उघडा आणि वरचा 'ट्रान्स्फर' टॅब घ्या. दोन बाजू दिसतात. एका बाजूला पेनड्राइव्हवरची जुनी अकॅड फाइल उघडा. दुसऱ्या बाजूला नवी कोरी फाइल तयार करून ऑफिसच्या नावाने जतन करा. मग जुन्या फाइलीतल्या टूलबारांच्या यादीवरून खाली यायचं आणि फक्त तुमचे टूलबार, तुमचे मेन्यू ओढून दुसऱ्या बाजूला टाकायचे. "ड्रॉ", "मॉडिफाय", "डायमेन्शन" हे ओढू नका. ते कंपनीचे आहेत आणि नव्या आवृत्तीत त्यांच्या ताज्या प्रती आहेतच. काही ऑफिसांत "मॉडिफाय"च्याच पट्टीत मधे आपलं एखादं बटण खुपसलेलं असतं. तेवढं बटण उचला, पट्टी नको. जुन्या सीयूआय किंवा त्याआधीच्या एमएनयू फाइली असतील तर त्याही याच टॅबमध्ये उघडतात.

इथे एक खाच आहे आणि तिच्यात निम्मे लोक अडकतात. प्रत्येक सीयूआयएक्सला फाइलीच्या नावाखेरीज आत एक ग्रुपचं नाव असतं. तुम्ही जुन्या अकॅड फाइलीची कॉपी करून तिला "ऑफिस" असं नाव दिलंत, तरी आतला ग्रुप "अकॅड"च राहतो. मग ती लोड करायला गेलं की ऑटोकॅड म्हणतं, या नावाचा ग्रुप आधीच हजर आहे, आणि घेत नाही. माणूस चक्रावतो, फाइल तर वेगळ्या नावाची आहे! म्हणून नाव बदलून काम भागवू नका. कोरी फाइल करा, तिच्यात माल ओढा आणि ग्रुपचं नावही तुमचंच आहे ना ते बघून घ्या.

मग ट्रान्स्फर बंद करून 'सीयूआयलोड' द्या आणि ही ऑफिसची फाइल लोड करा. ती मुख्य फाइलीला चिकटून एक अर्धी फाइल म्हणून राहते, तिला पार्शल म्हणतात. पुढे कुठलीही नवी आवृत्ती आली, तरी तुम्हाला फक्त हीच एक फाइल लोड करायची आहे. मी 2010 नंतर मुख्य फाइलीत एकही बटण घातलेलं नाही. कुणी घालू लागलं तर हात धरतो.

लोड केल्यावर लगेच काही दिसलं नाही तर पुन्हा घाबरू नका. 'मेन्यूबार' टाइप करून 1 द्या, वर जुन्यासारखी फाइल-एडिट-व्ह्यूची ओळ येईल. तिच्यात टूल्स, मग टूलबार्स, तिथे दोन ग्रुप दिसतील, कंपनीचा आणि तुमचा. हवे ते टूलबार उघडा. एक उघडला की पुढचे सोपे, त्याच्यावर राइट क्लिक केलं की सगळी यादी हाताशी येते. रिबन नको असेल तर 'रिबनक्लोज', परत हवी तर 'रिबन'. सगळं मनासारखं लागलं की 'डब्ल्यूएससेव्ह' देऊन वर्कस्पेसला नाव द्या. खाली उजवीकडच्या गिअरच्या खुणेत वर्कस्पेस सेटिंग्जमध्ये बदल आपोआप जतन करण्याचा पर्याय असतो, तो बंद ठेवा. नाहीतर जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी पट्टी ओढून मधे आणून ठेवतो आणि तीच मांडणी कायम होते. 'लॉकयूआय'ने टूलबार जागेवर खिळवताही येतात. ज्या ऑफिसात नवे शिकाऊ येत-जात असतात तिथे मी ते करतोच.

इथपर्यंत झालं की साहेबांचा सोमवार सुटला. रीसेट, माल गोळा, ट्रान्स्फरमधून कोरी फाइल, सीयूआयलोड, मेन्यूबार, डब्ल्यूएससेव्ह. पहिल्या पीसीला तीन-चार तास जातील, बाकीच्या चारांना प्रत्येकी अर्धा तास. पुढचं सगळं आठवडाभरात सावकाश करा.

आता प्रश्नचिन्हं. ढगातलं प्रश्नचिन्ह म्हणजे बटण आहे, मॅक्रो आहे, फक्त चित्र सापडत नाही. ट्रान्स्फरमधून ओढताना ज्यांची चित्रं जुन्या सीयूआयएक्सच्या आतच होती ती बहुधा बरोबर येतात. जी चित्रं बाहेर एखाद्या फोल्डरात बीएमपी म्हणून ठेवलेली होती ती राहून जातात. सीयूआय एडिटरमध्ये इमेज मॅनेजर आहे, त्यातून ती तुमच्या फाइलीत आत घ्या, म्हणजे पुढच्या वेळी हा त्रासच नको. बाहेरची फाइल हरवली असेल तर मघाशी सांगितलेली झिपची युक्ती करा, एखाद्या जुन्या कॉपीत चित्र सापडतं. पण खरं सांगू? जुनी 16 पिक्सेलची चित्रं आताच्या मोठ्या मॉनिटरवर मुंगीएवढी किंवा धुरकट दिसतात, आणि नव्या गडद पार्श्वभूमीवर काळ्या रेषांची चित्रं तर गडपच होतात. मी बटणावर चित्राऐवजी दोन ठळक अक्षरं काढतो. गुंठ्याच्या बटणावर नुसतं "गुं". सगळ्यांना कळतं.

"अननोन कमांड" येतंय त्याचं कारण वेगळं. ते बटण ऑटोकॅडची कमांड मागत नाही, तुमच्या लिस्पमधली मागतंय, आणि लिस्प नव्या पीसीवर लोडच नाही. वरच्या "गुं" बटणाचंच बघा. प्लॉटची बंद पॉलीलाइन निवडली की क्षेत्रफळ चौरस फुटांत मोजून त्याला 1089 ने भागायचं आणि गुंठे लिहायचे, ड्रॉइंग मीटरमध्ये असेल तर 101.17 ने. बटण फक्त त्या छोट्या लिस्पला हाक मारतं. लिस्प झोपलेलं असेल तर हाक कोण ऐकणार? यावर सोपा उपाय आहे. सीयूआयएक्सच्याच नावाची एमएनएल फाइल तिच्या शेजारी ठेवा आणि लिस्प लोड करायच्या ओळी तिच्यात लिहा. सीयूआयएक्स लोड झाली की ऑटोकॅड ती एमएनएल आपोआप वाचतं. मेन्यू आणि त्याचं लिस्प अशी जोडी एकत्र फिरते, एकटं मागे राहत नाही. लिस्पचा फोल्डर सपोर्ट पाथमध्ये आणि त्याच्याच खालच्या 'ट्रस्टेड लोकेशन्स'मध्येही घाला. नाहीतर दर वेळी "ही फाइल चालवू का" म्हणून खिडकी येईल आणि पोरं वैतागून सुरक्षेची सेटिंगच बंद करून टाकतील. ते मात्र करू देऊ नका. लिस्पचे विषाणू हा काल्पनिक प्रकार नाही, बाहेरून आलेल्या ड्रॉइंगच्या फोल्डरातून ते आलेले मी स्वतः बघितलेत.

लिस्पमध्ये जुन्या मराठी फाँटची अक्षरं असतील, म्हणजे ड्रॉइंगवर "उत्तर", "रस्ता" असं लिहिणारं काही असेल, तर ते जरूर तपासा. 2021 पासून ऑटोलिस्प युनिकोडवर गेलं, त्यामुळे इंग्रजीपलीकडची अक्षरं हाताळणारं जुनं लिस्प वेगळं वागू शकतं. 'लिस्पसिस' नावाचं व्हेरिएबल त्यासाठी आहे, ते बदललं की ऑटोकॅड बंद करून पुन्हा उघडावं लागतं. पण माझं मत, जुनं वागणं ओढत बसण्यापेक्षा ती चार वाक्यं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा आणि मोकळे व्हा.

काही बटणं चालतील पण वेगळंच काहीतरी करतील. ही सगळ्यात फसवी जात, म्हणून एक मॅक्रो उलगडून दाखवतो. पंचगंगेच्या काठाकडच्या प्लॉटना पूररेषा दाखवावी लागते, निळी आणि लाल. आमच्याकडे निळ्या रेषेचं एक बटण आहे. त्याचा मॅक्रो तोंडाने वाचला तर असा: आधी कॅरट-सी दोनदा, म्हणजे चालू असेल ते रद्द. मग वजा-लेयर, अर्धविराम. एम, अर्धविराम, लेयरचं नाव, अर्धविराम. सी, अर्धविराम, 5, अर्धविराम, अर्धविराम. एल, अर्धविराम, डॅश्ड, अर्धविराम, अर्धविराम. आणखी एक अर्धविराम, आणि शेवटी पीलाइन, म्हणजे सलग रेघ काढायची कमांड. प्रत्येक अर्धविराम म्हणजे एक एंटर. 5 नंतर दोन का? पहिला रंग ठरवतो. लगेच ऑटोकॅड विचारतं, कुठल्या लेयरला? दुसरा म्हणतो, आत्ता चालू आहे त्यालाच. तो दुसरा विसरलात तर ऑटोकॅड पुढचं "एल" हे अक्षर लेयरचं नाव म्हणून घेतं आणि तिथून पुढची सगळी उत्तरं एक घर सरकतात. नव्या आवृत्तीत एखाद्या कमांडने एक प्रश्न जास्त विचारायला सुरुवात केली तरी नेमकं हेच होतं. म्हणून बिघडलेलं बटण दिसलं की तोच क्रम हाताने कमांड लाइनवर टाइप करा, एकेक एंटर मोजत. उत्तरं कुठे घसरली ते दोन मिनिटांत दिसतं.

आणि ते "वजा" महत्त्वाचं आहे. नुसतं लेयर दिलं की पॅलेट उघडतं, वजा लावून दिलं की कमांड लाइनवर प्रश्न येतात. मॅक्रोला पॅलेटमध्ये क्लिक करता येत नाही. 2020 पासून 'इन्सर्ट'ही असंच झालं, आता ब्लॉक्सचं पॅलेट येतं. ब्लॉक टाकणाऱ्या मॅक्रोत वजा-इन्सर्ट पाहिजे. हाताने काम करणाऱ्यांना जुनीच खिडकी हवी असेल तर 'क्लासिकइन्सर्ट' आहे. तसंच 'क्लासिकलेयर', 'क्लासिकएक्सरेफ', आणि ॲरेसाठी (एका वस्तूच्या ओळीने प्रती काढायला) 'ॲरेक्लासिक'. आमच्याकडे एक ज्येष्ठ ड्राफ्ट्समन आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ॲरेची जुनी खिडकी गेली तेव्हा ते दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. 'ॲरेक्लासिक' सापडलं आणि चहा त्यांनी पाजला.

आखूड कमांडचं, म्हणजे पीजीपी फाइलीचंही तेच तत्त्व. जुनी अकॅड पीजीपी नव्यावर चढवू नका. नव्या फाइलीच्या अगदी शेवटी आपल्या ओळी घाला. एकच अक्षर दोनदा आलं तर शेवटची ओळ चालते. मग 'रीइनिट' द्यायचं आणि पीजीपीच्या चौकोनात खूण करायची, ऑटोकॅड बंद करायची गरज नाही.

पाच सीट म्हणालात म्हणून सर्व्हरबद्दल बोलतो. ऑटोकॅडमध्ये 'एंटरप्राइझ' फाइलीची सोय आहे. ऑफिसची सीयूआयएक्स सर्व्हरवर ठेवायची, सगळ्यांच्या ऑप्शन्समध्ये तिचा पत्ता द्यायचा. ती सगळ्यांना वाचता येते, कुणाला बदलता येत नाही. बदल करायचा तर तुमच्या एकट्याच्या प्रोफाइलमध्ये ती मुख्य म्हणून लावायची. ऐकायला छान आहे, आणि मोठ्या ऑफिसात मी तेच करीन. पण एका ऑफिसात आम्ही हे केलं, आणि पावसाळ्यात दुपारी लाइट गेली. पीसीना यूपीएस होते, सर्व्हरच्या यूपीएसची बॅटरी मेलेली. ऑटोकॅड पुन्हा उघडल्यावर सात जणांच्या पडद्यावर एकही आपलं बटण नाही, आणि दुसऱ्या दिवशी सबमिशन. तेव्हापासून पाच-सात सीटच्या ऑफिसात मी फाइल प्रत्येक पीसीवरच ठेवतो, पार्शल म्हणून. सकाळी पीसी सुरू झाला की एक छोटी बॅच फाइल सर्व्हरवरची ताजी प्रत खाली आणते. सर्व्हर बंद असेल तर कालची प्रत चालते. मूळ फाइल बदलायचा हक्क एकाच माणसाला, बाकीच्यांनी त्याला सांगायचं.

स्क्रीन हुबेहूब 2014 सारखी करायची का, हा साहेबांचा आणि तुमचा प्रश्न, पण विचारलंत म्हणून सांगतो. हात जिथे बसलाय तिथून हलवायचा नाही, या मताचा मी आहे. टूलबारवर भराभर काम करणाऱ्याला रिबन शिकवण्यात काही हशील नाही. रिबन बंद असली तरी हॅचची जुनी खिडकी येते आणि एमटेक्स्टची पट्टीही येते, कारण ऑटोकॅड रिबन बंद आहे हे ओळखून वागतं. अडतं ते थोडक्याच ठिकाणी, उदाहरणार्थ नव्या पद्धतीची ॲरे बदलताना रिबनवर सगळं समोर येतं, टूलबारवर नाही. म्हणून मी दोन वर्कस्पेस ठेवतो, एक जुन्या वळणाचं आणि एक कंपनीचं. नव्या मुलांना दुसरंच देतो, त्यांना जुन्याची सवय लावून काय करायचंय.

मात्र जुने सगळेच टूलबार आणायचा हट्ट करू नका. मागच्या वेळी एका ऑफिसात ओढायच्या आधी मी सगळ्यांना एक आठवडा कागद दिला. आपल्या बटणांपैकी जे दाबाल त्याच्यापुढे रेघ मारा. शंभरावर बटणं होती, रेघ पडली ती तिसापुढेही नाही. उरलेल्यांत एक होतं अमोनिया प्रिंटसाठी, म्हणजे ड्रॉइंगच्या प्रती काढायच्या जुन्या पद्धतीसाठी, शीट उलटी करायचं. ते कुणी केलं आणि कधी, कुणालाच आठवेना.

पहिल्यांदा उघडताना जुनी सेटिंग्ज आणू का असं ऑटोकॅड विचारतं, त्याबद्दलही तुम्हाला वाटलं असेल. एका आवृत्तीवरून लगतच्या आवृत्तीवर जाताना ते बरं आहे. 2014 वरून 2025 इतक्या लांब ते पोचत नाही. आणि पोचलं असतं तरी मी नकोच म्हटलं असतं, कारण ते आपलं-परकं न निवडता पोतंच्या पोतं आणून टाकतं.

जुने पीसी मात्र लगेच फॉरमॅट करू नका, विकूही नका. निदान तीन महिने कोपऱ्यात राहू द्यात. गेल्या खेपेला सगळं हलवून झालं, साहेब खूश, एक पीसी कुणाच्या तरी पुतण्याला द्यायचंही ठरलं. पाचव्या आठवड्यात पन्हाळ्याकडच्या एका घराचं एलेव्हेशन उघडलं, तर जांभ्या दगडाचा हॅच लागेना. तो पॅटर्न अण्णांनी कधीतरी हाताने लिहिला होता आणि सपोर्ट फोल्डरात न ठेवता थेट स्वतःच्या डेस्कटॉपवर, "फोटो" नावाच्या फोल्डरात ठेवला होता.